स्वतःचा धंदा आणि बाळंतपण: तुमचा अनुभव काय?

निळीशाई (सातारा)
नोकरी करणाऱ्या बाईला २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे भरपगारी रजा आहे. दुकान तिचं स्वतःचं असेल तर? हाताखाली दहा माणसं असतील तर त्यांतल्या बायकांना ही रजा द्यायला ती मालकीण म्हणून बांधलेली, स्वतः मात्र नवव्या महिन्यातही गल्ल्यावर. माझा लग्नपत्रिकांचा छोटा छापखाना आहे. माझ्या वेळी विचारायला कुणी सापडलं नाही, म्हणून हा धागा. गिऱ्हाइकांना कधी सांगितलंत, काम कुणावर टाकलंत, पैशांचं कसं जमवलंत, ते लिहा. "आराम कर, जड उचलू नकोस" हे सांगायला प्रत्येकीच्या घरात चार माणसं आहेत, ते इथे नको.

टाचणी (इचलकरंजी)
ब्लाउज शिवते. सगळ्यात आधी बदललं ते कटिंग. तोवर मी खाली चटईवर बसून कापायचे, चौथ्या महिन्यानंतर वाकवेना. नवऱ्यानं जुन्या पलंगाच्या फळीला उंच पाय ठोकून दिले, कमरेला येईल असे. आजही त्याच टेबलावर कापते. पायडल मारताना पोट अडायला लागलं तेव्हा मशीनला मोटर बसवली.

खरं काम होतं मापांच्या वहीचं. छाती, कंबर, बाही, मुंढा हे आकड्यांत असतं. पण कुणाचा डावा खांदा उतरता आहे, कोण गळा खोल सांगते आणि शिवून दिला की नाक मुरडते, हे वहीत नसतं. पिको-फॉल करणाऱ्या पोरीला समोर बसवून एकेका जुन्या गिऱ्हाइकाचं सगळं लिहून दिलं. सासूबाई म्हणाल्या, अख्ख्या गल्लीच्या कुंडल्या मांडल्यास.

तारीख श्रावणातली. चातुर्मासात लग्नं नाहीत, बरं झालं, असं सगळे म्हणाले. गौरीच्या साड्या कुणाला आठवल्या नाहीत! आमच्याकडे भाद्रपदाच्या तोंडावर लगीनसराईएवढीच गर्दी. मी ज्येष्ठातच दारावर पाटी लावली: "गौरीचे ब्लाउज आत्ताच टाका. नंतर मिळणार नाहीत, कारण दिसतंच आहे." बायका हसल्या आणि आणून टाकले. काही दुसरीकडे गेल्या. त्यातल्या बऱ्याच मुंढा बसला नाही म्हणून परत आल्या, हे सांगायला मला आवडतं.

गरमतवा (पुणे)
पोळी-भाजी केंद्र आहे. पहिले तीन महिने लसणाच्या फोडणीचा वास आला की उमासे. फोडणी नाही तर भाजी नाही, भाजी नाही तर धंदा नाही. पोळ्या लाटणाऱ्या मावशींना भाज्यांवर घेतलं, पोळ्यांना दुसरी बाई ठेवली, मी मंडई आणि काउंटर. मीठ-तिखटाचा अंदाज मावशींचा वेगळा, आठवडाभर गिऱ्हाइकांनी "आज हात बदललाय का?" विचारलं, मग सवय झाली. लोहाच्या गोळीवर चहा घ्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं, आणि माझा दिवस चहावर चालणारा. गोळी दुपारी लिंबूसरबतासोबत घ्यायला लागले.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. एका ऑफिसचे रोजचे डबे माझ्याकडे होते. पाचव्या महिन्यात मी सरळ सांगितलं की अमुक तारखेपासून दीड महिना मावशी बघतील. त्यांनी गोड बोलून अभिनंदन केलं आणि पुढच्या पहिल्या तारखेपासून डबे दुसऱ्याला दिले. मावशींच्या हातचंच ते तीन महिने खात होते! त्यामुळे माझं मत विचाराल तर, पोट दिसेपर्यंत सांगू नका. तीन महिने कुणाला कळू द्यायचं नाही असं आजी म्हणायची, धंद्यात सहा धरा.

हिशेबनीस (नाशिक)
गरमतवा, तुमचा राग समजतो, पण माझ्या धंद्यात लपवणं परवडत नाही. सीए आहे, एकटीची प्रॅक्टिस. माझी तारीख सप्टेंबर अखेरची, आणि टॅक्स ऑडिटचा, म्हणजे क्लायंटचे हिशेब आयकरासाठी तपासल्याचा, अहवालही ३० सप्टेंबरलाच द्यायचा. अहवालावर सही माझीच लागते, ती माझ्या हाताखाली आर्टिकलशिप करणारा, म्हणजे सीएचं काम शिकणारा मुलगा करू शकत नाही. म्हणून मेमध्येच प्रत्येक क्लायंटला फोन केला: कागद जूनअखेर आले तर मी करीन, नाही तर अमक्या मॅडमकडे जा. अमक्या मॅडम म्हणजे माझी कॉलेजची मैत्रीण. आमचा करार सोपा होता, क्लायंट कुणी कुणाचा पळवायचा नाही, फी ज्याने काम केलं त्याची. दोन वर्षांनी तिच्यावर हीच वेळ आली तेव्हा तिचं काम मी केलं.

जीएसटीचं ३बी, म्हणजे महिन्याचं कराचं रिटर्न, दर महिन्याच्या २० तारखेला. चुकलं तर दिवसाला ५० रुपये लेट फी, व्यवहारच नसलेलं शून्य रिटर्न असेल तर २०. पाच कोटींच्या आतल्या उलाढालीच्या बऱ्याच क्लायंटना तिमाही योजनेत टाकलं. कर पहिल्या दोन महिन्यांत २५ तारखेपर्यंत भरावाच लागतो, पण रिटर्न तीन महिन्यांतून एकदा. तेवढीच श्वास घ्यायला जागा. कागद मात्र जूनअखेर फार कमी जणांचे आले. नेहमीचेच ते.

गरमतवा
तुमच्याकडे माणूस नोटीस येईल म्हणून येतो, माझ्याकडे भूक लागली म्हणून. भूक जूनअखेरपर्यंत थांबत नाही हो!

कडकभाकर (बार्शी)
माझं कुणाला सांगायचं-न सांगायचं असं काही राहिलंच नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा धंदा, सरकारच्या मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज काढून सुरू केलेला, ५० हजारांच्या आतलं. सोनोग्राफीत वार, म्हणजे बाळाला पोसणारी नाळेची गादी, खाली निघाली. चुलीपुढं बसायचं नाही, पीठ मळायचं नाही, पडून राहायचं. धंदा त्या दिवशी बंद. हप्ता मात्र चालू. बँकेतल्या साहेबाला वार म्हणजे काय ते सांगत बसले, तो म्हणाला, तारीख पुढं सरकत नाही.

बचत गटानं सांभाळलं. अंतर्गत कर्ज दिलं त्यातून हप्ते गेले, आणि गटातल्या दोघींनी माझ्या गिऱ्हाइकांच्या भाकरी त्यांच्या घरी थापल्या, चटणीचं प्रमाण मी खाटेवरून सांगायचे. मातृवंदना योजनेचा फॉर्म अंगणवाडीतल्या ताईंनी भरून दिला. पहिल्या बाळाला ५ हजार, पण ते दोन हप्त्यांत, दुसरा बाळाच्या जन्माची नोंद नि लसी झाल्यावर. आधी हातात येतील असं धरून चालू नका बायांनो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात फुकट तपासणी असते, ती मी एकदाही चुकवली नाही. सीझर झालं, पोरगी बरी आहे. धंदा परत उभा करायला दिवाळी उजाडली.

आरसा (ठाणे)
पार्लर. ब्लीच आणि हेअर कलरचा वास सहन होईना, स्ट्रेटनिंग पूर्ण बंद केलं. ज्या रसायनांचा धूर नाकात जातो ते नऊ महिने नको, एवढं साधं ठरवलं. थ्रेडिंग चाकाच्या स्टुलावर बसून. संध्याकाळी पाय सुजून चपलेत मावायचे नाहीत. मी माहेरी गेले तेव्हा हाताखालच्या मुलीवर दुकान सोपवलं, आणि बाळ दोन महिन्यांचं होईतो तिनं पुढच्याच गल्लीत स्वतःचं पार्लर थाटलं, निम्म्या गिऱ्हाइकांसकट. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मीही असंच कुणाच्या तरी हाताखालून निघाले होते.

बियाणंवाला (लातूर जिल्हा)
पुरुषानं लिहिलं तर चालेल ना? कृषी सेवा केंद्र बायकोचं आहे, लायसन तिच्या नावावर. मी गॅरेज चालवतो. सातवा लागला तो मृगाच्या तोंडावर. दुकानात सोयाबीनच्या पिशव्यांची थप्पी आणि मागच्या खोलीत कीटकनाशकं, त्या वासात तिला बसू द्यायचं नाही असं ठरलं. मी गॅरेज पोरावर टाकून काउंटरला.

पहिल्या दिवशी कळलं की मला काहीच येत नाही. प्रत्येक मालावर खरेदीचा भाव अक्षरांत लिहिलेला, गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून. अक्षर कुठला आकडा ते फक्त तिला ठाऊक. शेतकरी घासाघीस करतोय आणि मी आत फोन लावतोय, "ट, म, म म्हणजे किती?" समोरचा हसतोय. शेवटी तिनं मला ती अक्षरं पाठ करायला लावली, शाळेत पाढे म्हणायचो तसे. आणि उधारी! कुणाला द्यायची, कुणाला हसून नाही म्हणायचं, हे कुठल्याच वहीत नव्हतं. महिनाभर लोक दारातूनच विचारायचे, "वहिनी नाहीत का? मग उद्या येतो."

गॅरेजचं नुकसान झालं, ते तिच्या दुकानाच्या खर्चात धरावं की माझ्या, यावर अजून भांडतो.

डबेवाली_लंडन
इथे घरून मराठी डबे आणि फराळ विकते. स्वतःचा धंदा असणाऱ्यांनाही इकडे मॅटर्निटी अलाउन्स, म्हणजे बाळंतपणाचा सरकारी भत्ता मिळतो, जास्तीत जास्त ३९ आठवडे. अट अशी की तारखेच्या आधीच्या ६६ आठवड्यांत किमान २६ आठवडे तुमचं काम नोंदलेलं हवं, आणि पूर्ण रक्कम हवी तर नॅशनल इन्शुरन्स (इथल्या सरकारी विम्याचा हप्ता) भरलेला हवा. मधल्या काळात धंद्याशी संपर्क ठेवायला दहा दिवस काम केलेलं चालतं, त्यापुढे भत्त्यावर गदा येते. माझे ते दिवस सगळे चकल्यांत गेले. आई आली होती म्हणून निभावलं. तिने माझ्यासाठी आणलेले डिंकाचे लाडू एका गिऱ्हाइकाने चाखले आणि ऑर्डर दिली. मी नाही म्हटलं, आईने हो म्हटलं.

नेवरी (म्हापसा)
मला आत्ता सहावा चालू आहे, म्हणून विचारते. नाताळच्या ऑर्डरी येऊ लागल्यात, आमचं गोव्याचं गोडधोड: बेबिंका, दोदोल, नेवऱ्या (करंज्या), केक. तारीख जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. वर्षाची निम्मी कमाई नाताळच्याच महिन्यातली. सगळ्या घेऊ, की नाही म्हणू?

गरमतवा
दोदोल आधी काढून टाक. कढईपुढे उभं राहून नारळाचं दूध आटेपर्यंत घोटत राहणं नवव्या महिन्यात तुझ्याच्यानं होणार नाही, हाताशी दणकट माणूस असेल तरच घे. फळांचा केक नोव्हेंबरातच भाजून ठेवता येतो, उलट मुरतो, तो हवा तेवढा घे. बेबिंकाचे थर एकेक करून भाजायचे म्हणजे ओव्हनजवळ खुर्ची टाकून बसायचं काम, ते रोज थोडं जमेल. नेवऱ्या लाटायला बायका मिळतात, सारण तू दे. आणि अर्धे पैसे आगाऊ घे.

नेवरी
आगाऊ मागायचे तर कारण सांगावं लागेल.

हिशेबनीस
सांग!

गरमतवा
पैसे हातात पडल्यावर सांग.