बीटल्सची यमकं: आघात कुठे आहे ते बघा

खेळ असा: बीटल्स या बँडच्या गाण्याच्या नावातला एक शब्द त्याच्याशी यमक जुळणाऱ्या शब्दाने बदलायचा. 'हे जूड'चं 'हे फूड' जमतं, पण 'हेल्प'चं 'हेल्थ' नाही. शेवटचं व्यंजन बदललं की यमक गेलं. आघाताच्या, म्हणजे उच्चारात जोर पडतो त्या, स्वरापासून पुढचं सगळं तसंच ठेवायचं, बदल फक्त त्याच्या आधीच्या व्यंजनात. 'पेपरबॅक रायटर'मध्ये आघात 'राय'वर, म्हणून 'पेपरबॅक फायटर' चालतं. 'पेपरबॅक मीटर' नुसतं 'टर'वर लटकतं. 'डे ट्रिपर'चं 'डे स्लिपर' तर फुकटातच मिळतं.

एकच शब्द बदला, नाहीतर मूळ गाणं ओळखू येत नाही. मग चालीवर म्हणून बघा. 'येस्टरडे'च्या चालीत बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने आधी 'स्क्रॅम्बल्ड एग्ज' हे कामचलाऊ शब्द घातले होते. दोघांचं यमक जुळत नाही, पण तीन ठोके नेमके बसतात.

'लेट इट बी'चं 'लेट इट शी' मात्र मराठी मंडळींपुरतंच ठेवा!