"आधी सुधारा, मग घर" म्हणणाऱ्यांसाठी

उंबरठा

काल दुसऱ्या एका धाग्यावर सडेतोड यांनी लिहिलं : "बेघरांना घर देणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. आधी दारू सोडवा, कामाला लावा, मग घराचं बघू." खाली सहमतीची रांग. तिथेच दोन ओळी खरडणार होतो, पण रात्रभर ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं, म्हणून वेगळा धागा. लांबलाय. कंटाळा येईल त्यांनी पुढे जावं.

"आधी सुधारा" यात नवीन काय आहे? कित्येक दशकं जगभर हेच चाललं होतं. आधी सामायिक निवारा. तिथे नीट वागलात तर वाटणीतली खोली. औषधं वेळेवर घेतलीत, तपासणीत दारू सापडली नाही, तर कधीतरी स्वतःची किल्ली. म्हणायला शिडी, प्रत्यक्षात सापशिडी. एकदा चुकला की थेट फुटपाथ.

१९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने क्रमच उलटा केला. रस्त्यावर राहणारा, गंभीर मानसिक आजार असलेला माणूस घ्यायचा आणि त्याला सुरुवातीलाच भाड्याचं घर द्यायचं. उपचार हवे तर घे, नको तर राहू दे. अटी दोनच : कार्यकर्ता भेटायला आला की दार उघडायचं आणि उत्पन्नाच्या तीस टक्के भाड्यात द्यायचे. पाच वर्षांनी त्यातले ८८ टक्के घरात टिकून होते. शहराच्या शिडीवाल्या व्यवस्थेत ४७ टक्के.

आता कारणांचं. "हा माणूस बेघर का झाला" असं विचारलं की उत्तर येतं दारू, वेड, मोडलेलं लग्न, गेलेली नोकरी. "या शहरात इतके बेघर का" असं विचारून बघा, उत्तर बदलतं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियामध्ये अमली पदार्थांनी मरणाऱ्यांचं प्रमाण देशात सर्वाधिकांत मोडतं, पण बेघर तुलनेने कमी. सिएटल आणि सॅन फ्रान्सिस्कोत भाडी आभाळाला भिडलेली, रिकाम्या खोल्या दुर्मीळ आणि बेघर ढिगाने. व्यसनी दोन्हीकडे आहेत. एकीकडे व्यसनी माणसालाही परवडेल अशी खोली मिळते, एवढाच फरक. संगीत खुर्चीत लंगडा मुलगा आधी बाद होतो. तो लंगडत होता हे खरंच, पण एक खुर्ची कमीच ठेवली होती ना?

सडेतोड

माझ्या नावाने धागा काढलात, आभारी आहे. प्रसिद्धी फुकट मिळाली.

संगीत खुर्ची गोड आहे. आता सांगा, ज्याला खुर्ची दिली आणि त्याने ती विकून खाल्ली, त्याचं काय करायचं? माझा सख्खा धाकटा भाऊ. तीनदा खोली घेऊन दिली, तिन्ही वेळा अनामत माझी. पहिल्या खोलीतला पंखा विकला. दुसरीतले नळ विकले, भिंतीतून पाणी येत होतं तेव्हा घरमालकाने मला फोन केला. तिसरीत त्याच्यासारखेच चार जण आणून बसवले आणि महिनाभरात त्यांनीच याला बाहेर काढलं. शिडी नव्हती, तपासणी नव्हती, अट नव्हती. तुमच्या त्सेम्बेरिस साहेबांचाच प्रयोग मी केला होता, पदरच्या पैशाने.

तुमचे ८८ टक्के तुम्हाला लखलाभ. माझा एकच होता आणि तो बाराच्या बाजूला होता.

आकडेमोड

दोघांवरही चिडचिड होतेय, त्यामुळे क्रमाने.

उंबरठा, ते ८८ विरुद्ध ४७ चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीतलं नाही. दोन वेगळ्या व्यवस्थांमधल्या माणसांची तुलना आहे ती. चांगला पुरावा हवा असेल तर कॅनडाचा द्या. २००९ ते २०१३, पाच शहरं, दोन हजारांवर माणसं, कोणाला थेट घर आणि कोणाला नेहमीची व्यवस्था हे चिठ्ठीने ठरलेलं. शेवटच्या सहा महिन्यांत पूर्ण वेळ घरात राहिलेले : घरवाल्या गटात ६२ टक्के, दुसऱ्यात ३१. दुप्पट.

पण त्याच अभ्यासातलं दुसरं पान तुमच्या बाजूचे लोक वाचत नाहीत. घरवाल्या गटात १६ टक्के त्या सहा महिन्यांत एकही दिवस घरात नव्हते. व्यसन आणि मानसिक लक्षणं दोन्ही गटांत जवळपास सारखीच सुधारली. म्हणजे घर दिल्याने घर मिळतं. दारू सुटत नाही.

आणि "यात सरकारचा पैसा वाचतो" हे कोणी म्हणायच्या आधीच सांगतो. सगळ्यात खर्चिक दहा टक्के लोकांवर टाकलेल्या दर दहा डॉलरमागे जवळपास २२ वाचले. ज्यांच्या गरजा मध्यम होत्या त्यांच्यावर दहामागे साडेतीनच्या आत. स्वस्त पडतं म्हणून करणार असाल तर उद्या नाही पडलं की बंद कराल.

उंबरठा

दारू सुटत नाही हे मान्य. पण शिडीनेही सुटत नाही आणि वर माणूस रस्त्यावर राहतो. घराचं काम घराने केलं की! छत्रीने खोकला बरा होत नाही म्हणून छत्री काढून घ्यायची का?

सडेतोड, भावाचं वाचून वाईट वाटलं. पण एक विचारतो, रागावू नका. त्या तीन खोल्यांमध्ये त्याला भेटायला कोण जायचं?

सडेतोड

मी जायचो. दर रविवारी. डबा घेऊन, कधी डॉक्टरला घेऊन. आणखी काही चौकशी? उपस्थितीचा दाखला आणू?

रात्रपाळी

भांडा निवांत. मी सहा वर्षं एका रात्रनिवाऱ्यात दारावर होतो, म्हणून थोडं जमिनीवरचं.

"जागा आहे तरी येत नाहीत, म्हणजे यांना रस्ताच आवडतो" हे मी रोज ऐकलंय. का येत नाहीत ते विचारा ना. आमच्यात त्याला तीन ज म्हणायचे : जोडीदार, जनावर, जिनगी. नवरा-बायको असाल तर वेगळ्या दालनात झोपा. कुत्रा असेल तर बाहेर. दोनपेक्षा जास्त पिशव्या असतील तर बाहेर. मग सकाळी सहाला सगळ्यांनीच बाहेर.

एक म्हातारा होता, त्याची एक तपकिरी कुत्री, एका डोळ्याने आंधळी. धो धो पाऊस. मी म्हटलं बाबा आत या, हिला जिन्याखाली बांधू. म्हणाला, "ती मला नऊ वर्षं सोडून गेली नाही." बसला पायरीवर रात्रभर. मी दार लावलं, कारण नियम होता. नोकरी सोडायची बरीच कारणं होती, त्यातलं हे एक.

एकमजली

रात्रपाळी, डोळ्यात पाणी वगैरे ठीक, पण मी घरमालक आहे. कुत्रा पाळणाऱ्या भाडेकरूने माझी दारं कुरतडून ठेवली, फरशीचा वास वर्षभर गेला नाही आणि जाताना वर माझ्याकडूनच अनामत भांडून नेली. आता माझ्या जाहिरातीत पहिली ओळ असते : प्राणी नकोत. यात मी राक्षस कसा?

ढेकूण_विरोधी

+१. दालनात चाळीस माणसं झोपतात, त्यात कोणाला दमा, कोणाला कुत्रा चावलेला. एकाच्या प्रेमापोटी बाकीच्यांनी गोचिड्या सहन करायच्या? लहानपणी मला पिसाळलेला चावलाय. इंजेक्शनं मी घेतली आहेत, इथल्या प्राणिमित्रांनी नाही.

रात्रपाळी

गोचिड्या माणसांच्या अंगावरूनही यायच्या, साहेब. त्यांना आम्ही आंघोळ घालून आत घ्यायचो.

शेपटी

कुत्रा असलेला माणूस पहाटे उठतो, त्याला चारतो, दारू पिऊन पडायचं टाळतो कारण कुत्र्याला कोण बघणार. औषधापेक्षा चांगलं काम करतो. ज्यांना हे कळत नाही त्यांनी कधी जीव लावलेला नाही, एवढंच म्हणेन.

ढेकूण_विरोधी

हा वैयक्तिक हल्ला आहे. मी तीन मुलं वाढवलीत, जीव कशाला म्हणतात ते शिकवू नका.

एकमजली

आणि मांजरं? मांजरांबद्दल कोणीच बोलत नाही. मांजराचा वास कुत्र्याच्या दसपट.

शेपटी

मांजर स्वच्छ प्राणी आहे. तुमच्या फरशीचा दोष असेल.

आकडेमोड

बेघरपणाच्या धाग्यावर मांजरांच्या वासाची मोजदाद सुरू आहे. वाचनमात्र होतो.

तीन_पिशव्या

मी इथे कधी लिहीत नाही. कुत्र्यांवर एवढं लिहिलेलं वाचून राहवलं नाही.

तुम्ही सगळे फुटपाथवरच्या पुरुषाबद्दल बोलताय. मी दोन मुलांना घेऊन सात महिने बेघर होते आणि एक रात्रही रस्त्यावर झोपले नाही. बहिणीकडे दोन महिने, मग तिच्या नवऱ्याचा चेहरा बघवेना. मैत्रिणीकडे. मग ऑफिसातल्या एकीच्या आईकडे, त्यांना मी "सोबत" म्हणून राहतेय असं सांगितलं होतं. नोकरी चालू होती. कोणालाही पत्ता लागला नाही. तुमच्या कुठल्या मोजणीत मी होते?

शेवटी एका संस्थेने तात्पुरती जागा दिली. त्याबरोबर बचतीचा वर्ग, पालकत्वाचा वर्ग आणि "आत्मविश्वासाचा" वर्ग. आत्मविश्वास भरपूर होता हो. अनामत नव्हती.

उंबरठा

तीन_पिशव्या, लिहिलंत ते फार बरं केलंत. युरोपात फेआन्ट्सा या संघटनेने केलेल्या वर्गवारीत नाइलाजाने दुसऱ्याच्या घरी राहणारेही धरतात. अमेरिकेत जानेवारीतल्या एका रात्री जी मुख्य मोजणी होते, तिच्यात धरत नाहीत. २०२४ च्या त्या रात्रीचा आकडा ७,७१,४८० होता आणि त्यात तुमच्यासारख्या कोणीच नाहीत.

तुमच्या वर्गांबद्दलही अभ्यास आहे. अमेरिकेत बारा ठिकाणी निवाऱ्यात आलेली २,२८२ कुटुंबं घेतली. काहींना भाड्याला दीर्घकाळ मदत, काहींना थोड्या महिन्यांपुरती, काहींना तात्पुरती जागा आणि वर्ग, बाकीच्यांना नेहमीचंच. दीर्घकाळच्या भाडेमदतीने पुन्हा बेघर होणं निम्म्याहून कमी झालं. वर्गवाल्यांना त्या मानाने फारच थोडा फायदा.

तीन_पिशव्या

असेल. पण पालकत्वाच्या वर्गात मला जी मैत्रीण भेटली तिच्याच ओळखीने पुढे घर मिळालं. हे तुमच्या कोष्टकात कुठे बसवणार?

सडेतोड

शाब्बास ताई.

बाकी मोजणीवरून आठवलं. अमेरिकेतल्या युटा राज्याने २०१५ मध्ये "दीर्घकालीन बेघरपणा ९१ टक्के घटला" म्हणून जगभर मिरवलं होतं. नंतर कळलं की मधल्या काळात मोजायची पद्धतच बदलली होती. तुमच्या पंथाचे ढोल असेच वाजतात.

आकडेमोड

(वाचनमात्र होतो, पण चुकीचं नसलेलं वाक्य दिसलं म्हणून आलो.) युटाबद्दल सडेतोड बरोबर आहेत. घट झाली, पण ९१ टक्के हा फुगवलेला आकडा.

मात्र त्याचाच उलटा उपयोग नको. फिनलंड बघा. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात वीस हजारांच्या आसपास बेघर होते, २०२३ मध्ये ३,४२९. २००८ नंतर त्यांनी मोठे निवारे मोडून त्यांचीच स्वतंत्र घरं केली. हेलसिंकीतला अडीचशे खाटांचा एक निवारा होता, त्याची ऐंशी घरं झाली. करार भाडेकरूच्या नावावर, भाडं त्याने भरायचं, कमी पडेल तिथे सरकारी भत्ता. "फुकट" नाही. आणि घरं आधी बांधली, विकत घेतली. नुसतं "आधी घर" म्हणून घरं उगवत नाहीत. २०२४ मध्ये तिथलाही आकडा ३,८०६ वर गेला, हेही लिहून ठेवतो, नाहीतर सडेतोड लिहितील.

सडेतोड

लिहिणारच होतो.

उंबरठा

सडेतोड, काल मी जे विचारलं त्यात टोमणा नव्हता. त्सेम्बेरिसच्या धर्तीच्या कार्यक्रमांत सगळ्यात आजारी माणसांसाठी दर दहा जणांमागे साधारण एक कर्मचारी असतो. परिचारिका, मनोविकारतज्ज्ञ, व्यसनातून बाहेर आलेला एखादा माणूस. रात्री दोनला फोन केला तरी उचलतात. चार जण घुसून बसले तर त्यांना बाहेर काढायला येतात, घर हातचं गेलं तर दुसरं शोधतात आणि अनामत भावाकडून मागत नाहीत. तुम्ही हे सगळं एकट्याने केलंत, रविवारचे. तो प्रयोग त्सेम्बेरिसचा नव्हता. त्यातली फक्त किल्ली तुमच्या हातात होती.

सडेतोड

हे काल म्हणाला असतात तर मी दाखला आणू का असं विचारलं नसतं.

एवढंच मान्य करतो : चौथी खोली घेऊन द्यायला मी नाही म्हणालो, तेव्हा त्याला एका व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. तिथली अट होती तीन आठवडे कोरडं, म्हणजे न पिता, राहून दाखवा, मग दाखल करून घेऊ. तीन आठवडे कोरडा राहू शकला असता तर केंद्रात कशाला गेला असता? तेवढी ती अट मूर्खपणाची होती. बाकीचं माझं मत कायम. आणि शेजाऱ्यांना कोण विचारतं ते अजून कोणी सांगितलेलं नाही. आमच्या त्या तिसऱ्या खोलीशेजारी परीक्षेला बसलेली मुलगी राहायची.

रात्रपाळी

हा प्रश्न खरा आहे. माझ्याकडे उत्तर नाही.

एकमजली, तुम्हाला विचारतो. भाडं दर महिन्याला संस्था भरेल, तोडफोड झाली तर तीच भरून देईल, शेजाऱ्यांची तक्रार आली तर माणूस पाठवेल. द्याल खोली?

एकमजली

करार संस्थेच्या नावावर?

रात्रपाळी

हो. निदान पहिलं वर्ष.

एकमजली

फोन खरंच उचलणार असतील तर मागची एक खोली देऊन बघेन. एक. व्यसनाचं मला विचारायचं नाही, मीही विचारणार नाही. पण कुत्रा नको.

रात्रपाळी

लहान असला तर?

एकमजली

किती लहान?