मोठ्या बँडचे फसलेले अल्बम: दोष गाण्यांचा, आवाजाचा की माझ्या स्पीकरचा?

वेंगुर्ला_किनारा:
मेटालिका या मेटल बँडचा ‘सेंट अँगर’ (2003) लावला की स्नेअर ड्रम तेलाच्या रिकाम्या डब्यासारखा वाजतो. ‘डेथ मॅग्नेटिक’ (2008) तर दहा मिनिटांत कान किटवतो. त्याच जुन्या स्पीकरवर ‘मास्टर ऑफ पपेट्स’ (1986) मात्र व्यवस्थित. खाऱ्या हवेने स्पीकर गेलेत, की अल्बमच तसे? आणखी कुणी असे घोळ घातलेत?

धुमा_आणि_शाई:
बरा केलंस इचारलंस ता. डबा स्पीकरचा नाही, ड्रमचाच. स्नेअरच्या खालच्या पडद्याला तारांचा पट्टा टेकलेला असतो, करकरीतपणा त्यातून येतो आणि घुमणंही तोच आवरतो. त्यांचा ड्रमर लार्स उलरिख याने ‘सेंट अँगर’मध्ये तारा सोडूनच वाजवलंय. पखवाजाच्या धुम्याला, म्हणजे डाव्या तोंडाला, लावलेली कणीक खरवडून तो वाजवून बघा, साधारण तसाच पोकळ टणत्कार येईल.

थोडं सुसह्य करायचं तर पॅरामेट्रिक इक्वलायझर (हव्या त्या पट्ट्यातला आवाज कमी-जास्त करणारं साधन) घ्या. एक अरुंद पट्टा 8 डीबी (डेसिबल) वर उचला आणि 200 ते 1000 हर्ट्‌झमध्ये हळूहळू सरकवा. जिथे डबा सर्वात असह्य वाटेल तिथेच तो पट्टा 4-5 डीबी खाली घ्या. त्याहून जास्त कापलंत तर गिटारचा गरही जातो. अर्थात, 75 मिनिटांत 11 गाणी आणि गिटारचा एकही सोलो नाही, याला इक्वलायझर काय करणार?

डीबी_मोजणारा:
‘डेथ मॅग्नेटिक’मध्ये गाणी निर्दोष आहेत. मिक्स (सगळी वाद्यं एकत्र केलेला आवाज) मास्टरिंगला, म्हणजे शेवटच्या हाताला, पोचलं तेव्हाच चेपलेलं होतं, हळू-मोठ्यातला फरकच दाबून टाकलेला. हीच गाणी ‘गिटार हीरो’ या खेळात आली ती इतकी दाबलेली नव्हती, ड्रमचा ठोसा तिथे नीट लागतो.

स्वतः तपासा: सीडीवरून वेव्ह किंवा फ्लॅक फाइल काढा, ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, ‘व्ह्यू’मधून ‘शो क्लिपिंग’ (मर्यादेला आपटून छाटलेली शिखरं दाखवणारं) चालू करा. लाल रेघांचं रान दिसेल. एमपी3 घेऊ नका, डीकोड होताना शिखरं वर जातात आणि खोटा लाल दिसतो. छाटलेली शिखरं भरून काढणारं ‘क्लिप फिक्स’ चालवायचंच तर 95 टक्के उंबरठा आणि 9 डीबी कपात, पण लिमिटरने (शिखरं दाबणाऱ्या साधनाने) चेपलेलं त्यातून परत येत नाही. दोन अल्बमांची तुलना करताना जो मोठ्याने वाजतो त्याचा आवाज आधी खाली आणा, नाहीतर कान फसतात.

रश या बँडचा ‘व्हेपर ट्रेल्स’ (2002) याच रोगाचा. 2013 मध्ये तो नव्याने मिक्स झाला, तोच ऐका. रीमास्टर आणि रीमिक्स यांत गल्लत नको: रीमास्टर तयार मिक्सवर हात फिरवतो, रीमिक्समध्ये प्रत्येक वाद्य पुन्हा सुटं हाती येतं. म्हणूनच मेटालिकाच्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये (1988) गाडलेला बेस 2018 च्या रीमास्टरनेही वर आला नाही.

लांबण_नको:
सगळं खापर मिक्सवर फोडू नका. ओएसिस या बँडचा ‘बी हिअर नाऊ’ (1997) घ्या. गिटारवर गिटार चढवलेत हे खरं, पण चाली चार-पाच मिनिटांच्या आणि ताणल्यात किती! ‘ऑल अराउंड द वर्ल्ड’ नऊ मिनिटांच्या वर जातं. 2016 च्या आवृत्तीत एका गाण्याचं नवं मिक्स आलं. ऐकायला मोकळं, लांबण तीच.

कोन_आणि_कॉइल:
स्पीकरचंही बघून घ्या. तोच ट्रॅक वायरच्या इअरफोनवर ऐका. डबा तिथेही वाजला तर स्पीकर निर्दोष. नाही वाजला तर जाळी काढून वूफरच्या (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) कडेची रिंग बोटाने हलकेच दाबा. फोमची असेल आणि चिकट लागली किंवा भुगा पडला, तर बदलायला झाली; आपल्या दमट हवेत फोम टिकत नाही. नवी मागवताना नुसते इंच सांगू नका, आतला-बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजा. गोंद सुकेपर्यंत कोनामागची कॉइल (तारेचं वेटोळं) बरोबर मधोमध ठेवा, नाहीतर ती घासेल आणि खरखर येईल. जोडण्यांवर हिरवट थर असेल तर बंद सेटवर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळल्यावरच चालू करा.