मदत हवी आहे : सहा जणांसाठी कोकणातला किनारा आणि स्वस्तातली क्रूझ, एकाच सहलीत

सावनी
आम्हाला या सुट्टीत कोकणात समुद्राजवळ दोन-तीन दिवस राहायचे आहे आणि त्याच सहलीत एखादी छोटी, खिशाला परवडणारी क्रूझही करायची आहे. आम्ही सहा जण आहोत आणि साठ हजारांच्या वर जाता येणार नाही. क्रूझच्या एका जाहिरातीत माणशी बारा हजार असे वाचले, परंतु ज्या एजंटाला फोन केला त्याने प्रत्येक वेळी वेगळाच आकडा सांगितला. नवऱ्याचे म्हणणे असे की मुंबईहून गोव्याला जाणारी ‘आंग्रिया’ घ्यावी, म्हणजे वाटेत मालवणला उतरून दोन दिवस राहता येईल. हे शक्य आहे का, एवढेच कृपया नेमके सांगावे. कोकण किती सुंदर आहे ते आम्हाला ठाऊक आहे. आरक्षण या दोन दिवसांतच करायचे आहे.

किनारपट्टी
सावनीताई, आपण कुठून निघणार, कोणत्या तारखांना, सहा जणांत लहान मुले आणि वयस्कर माणसे किती, आणि स्वतःची गाडी आहे का, हे कळल्याशिवाय नेमके सांगणे अवघड आहे. तोवर ‘आंग्रिया’पुरते सांगतो. ती बोट ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाली होती, परंतु कोरोनाच्या काळापासून ती बंद आहे; तिच्या नावाने कोणी आगाऊ रक्कम मागत असेल तर एक रुपयाही देऊ नये. मालवणला उतरण्याचा विचारही सोडावा, कारण मुंबईहून सुटणाऱ्या दोन-तीन रात्रींच्या क्रूझ एक तर गोव्यात मुरगाव बंदराला लागतात किंवा कुठेच न लागता खोल समुद्रात फेरी मारून परत येतात.

तिखट सोलकढी
क्रूझचा नाद सोडा आणि सरळ रेल्वेने कुडाळला उतरून मालवण गाठा, असे माझे स्पष्ट मत आहे. तारकर्लीची वाळू, देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम, सिंधुदुर्ग किल्ला आणि दुपारी सुरमईची थाळी, एवढे सगळे सोडून लोखंडी खोलीत कोंडून घेण्यात काय हशील आहे, हे मला आजवर समजलेले नाही. रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते आणि मे महिन्यातल्या गाड्या पहिल्याच सकाळी भरतात, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

लाटांवरचा हिशेब
धागाकर्तीने बारा हजारांना सहाने गुणून पाहिलेले दिसत नाही. बहात्तर हजार होतात, म्हणजे किनाऱ्यावर पाय ठेवण्याआधीच साठ हजारांची मर्यादा ओलांडली गेली. शिवाय जाहिरातीतला आकडा हा एका केबिनमध्ये दोन माणसे धरून, सर्वांत स्वस्त म्हणजे बिनखिडकीच्या खोलीचा आणि बहुधा आठवड्यातल्या मधल्या वारांचा असतो. त्यावर बंदर शुल्क, सेवा शुल्क आणि जीएसटी चढतो. मद्य, वायफाय आणि बंदरावर उतरून करायच्या सहली यांचे पैसे वेगळे लागतात. एजंटाचा आकडा दर फोनला बदलतो तो बहुतेक यामुळेच, कारण एकदा तो करांसकट सांगतो आणि एकदा करांविना. त्याच्याकडून सहाही जणांच्या नावानिशी, सगळी शुल्के धरून अंतिम रक्कम लेखी मागावी आणि ती आल्यावरच पुढचे बोलावे.

सावनी
गुणाकार आम्हालाही येतो. मुलांना तिकीट लागत नसेल असे धरून चालले होते. मुलगा आठ वर्षांचा आहे आणि मुलगी दीड वर्षाची. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना उंच पायऱ्या चढवत नाहीत, आणि सासू-सासरे दोघेही शाकाहारी आहेत, त्यामुळे सुरमईची थाळी बाजूला ठेवू या. स्वतःची सात आसनी गाडी आहे. सुट्टी म्हणजे मे महिन्याची, हे वेगळे सांगायला हवे असे वाटले नव्हते.

लाटांवरचा हिशेब
एकाच केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या व्यक्तीला आणि मुलांना भाड्यात सवलत मिळते, परंतु बंदर शुल्कासारख्या गोष्टी त्यांच्याही नावावर लागू शकतात, म्हणून मुलांना फुकट धरून चालू नये.

अर्धवट भटका
आपल्याला हवे आहे ते भाऊच्या धक्क्यावर उभे आहे. मांडव्याला जाणारी रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, मार्च २०२० पासून चालू आहे. गाडी पोटात घालायची, वर जाऊन वातानुकूलित कक्षात बसायचे, साधारण तासाभरात मांडवा आणि तिथून त्याच गाडीने अलिबाग, नागाव किंवा काशीद. मुलांना बोट मिळते, ज्येष्ठांना चालावे लागत नाही आणि क्रूझच्या खर्चाचा दहावा हिस्साही होत नाही. गाडी नेणार असाल तर तिकीट आधी काढून ठेवावे, कारण शनिवारी सकाळी ऐनवेळी जागा मिळत नाही.

किनारपट्टी
सावनीताई, अजून दोन गोष्टी राहिल्या : कुठून, आणि मे महिन्याचा कोणता आठवडा?

सावनी
पुण्याहून. २७ ते ३१ मे. त्याआधी नवऱ्याला रजा मिळेल असे वाटत नाही.

किनारपट्टी
मग सगळा बेतच नव्याने पाहावा लागेल. आपल्या किनाऱ्यावरची जलक्रीडा आणि किल्ल्यांकडे जाणारी प्रवासी होडी वाहतूक दरवर्षी साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात बंद ठेवली जाते; म्हणजे आपण पोहोचाल त्याच्या आदल्या दिवशीच सिंधुदुर्ग आणि जंजिरा या दोन्ही ठिकाणच्या होड्या थांबलेल्या असतील. ही तारीख कोणाच्या लहरीने ठरलेली नाही. तौक्ते वादळ २०२१ च्या मे महिन्याच्या मध्यावर आपल्या किनाऱ्याजवळून गेले, निसर्ग वादळ ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्यात जमिनीवर आले, आणि २०२५ मध्ये तर मोसमी पाऊसच २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. मे अखेरीस समुद्र वरून शांत दिसला तरी दक्षिणेकडून येणारी लांब लाट सुरू झालेली असते. क्रूझचा हंगामही साधारण ऑक्टोबर ते मे असाच धरतात आणि पावसाळ्यात मुंबईहून फेऱ्या नसतात, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात फेरी मिळालीच तरी बोट चांगलीच हलणार.

अर्धवट भटका
भीती घालण्यात काही लोकांना विशेष आनंद मिळतो. रो-रो पावसाळ्यातही हवामान पाहून चालू असते, तिला २६ मेची अट लागू नाही.

किनारपट्टी
रो-रोबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे. परंतु पुण्याचा माणूस खोपोली-पेणमार्गे थेट अलिबागला उतरत असताना त्याने आधी मुंबईच्या गर्दीतून भाऊच्या धक्क्यापर्यंत जाऊन तिथून मागे मांडव्याला यावे, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

अर्धवट भटका
बोटीत बसण्यासाठी. त्यांनी बोटच मागितली आहे.

शंखशिंपले
कोणी वेळासचा उल्लेख कसा केला नाही? ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना मुलांनी पाहिलीच पाहिजेत. गावातच घरगुती राहण्या-जेवण्याची सोय होते.

तिखट सोलकढी
पिल्ले साधारणपणे एप्रिलपर्यंत बाहेर पडतात. मे अखेरीस वेळासला जाऊन काय पाहणार?

दशभुज
क्रूझबद्दल बोलणारे बरेच आहेत, तेव्हा ज्येष्ठांना आणि लहान मुलांना घेऊन जाऊन आलेल्या माणसाचे दोन शब्द ऐकावेत. माझ्या आईलाही गुडघ्यांचा त्रास आहे. चाकाची खुर्ची हवी हे आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे लागते. आमच्या एजंटाने ते पुढे कळवलेच नाही आणि धक्क्यावर सामान तपासणीच्या रांगेत आईला बराच वेळ उभे राहावे लागले. एकदा आत गेल्यावर मात्र लिफ्ट असल्याने तिला अडचण आली नाही. शाकाहारी आणि जैन जेवण व्यवस्थित मिळाले. घरचे चिवडा-लाडू आत नेऊ देत नाहीत, बाळाच्या खाण्याला तेवढी सूट असते. सर्वांची ओळखपत्रे आणि मुलांचे जन्मदाखले हाताशी ठेवावेत, मोठ्या बॅगेत टाकू नयेत, कारण ती बॅग धक्क्यावरच ताब्यात घेतात आणि संध्याकाळी केबिनच्या दाराशी आणून ठेवतात.

बोट लागण्याचा प्रश्न खरा आहे. केबिन निवडताना खालच्या मजल्यावरची आणि बोटीच्या मध्यावरची मागावी, कारण पुढचे आणि मागचे टोक जास्त वरखाली होते. ज्याला गाडी लागते त्याला बिनखिडकीच्या खोलीत अधिक त्रास होतो; त्याला उघड्या डेकवर आणून क्षितिजाकडे पाहत बसवावे. गोळी निघण्याआधीच घ्यावी लागते, उलट्या सुरू झाल्यावर तिचा उपयोग नसतो, आणि दीड वर्षाच्या मुलीच्या बाबतीत बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय काहीही देऊ नये. गोव्याच्या किनाऱ्याचे म्हणाल तर मुरगावहून कळंगुट बरेच लांब पडते. बोट सुटण्याच्या बऱ्याच आधी परतावे लागत असल्याने जवळच्या बोगमाळोला पाय बुडवून येण्याइतकाच वेळ मिळतो.

बंदरकर आजोबा
आपण सगळे क्रूझ क्रूझ म्हणता म्हणून लिहितो. आमच्या लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला असे करत पणजीला जात असे, आणि धागाकर्तीच्या यजमानांच्या मनात आहे तसे मधल्या बंदरावर खरोखरच उतरता येत असे. बहुतेक ठिकाणी बोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर उभी राही आणि पडाव, म्हणजे किनाऱ्यावरून आलेली होडी, तिच्या अंगाला येऊन भिडे. लाट पडावाला वर उचलते त्या क्षणी खलाशी दंडाला धरून माणसाला खाली घेत, ट्रंक आधी आणि माणूस नंतर. गुडघे दुखणाऱ्या बाईला ते जमले नसते. जंजिऱ्याच्या दरवाजाशी होडीतून पायरीवर पाय टाकताना आजही काहीसा तोच प्रकार होतो, म्हणून त्यांना किल्ल्यात नेण्याचा हट्ट धरू नये.

शंखशिंपले
आजोबा, फारच छान आठवण. यावर वेगळा धागा काढावा.

बंदरकर आजोबा
काढीन. परंतु येथे एक उपयोगाची गोष्ट सांगायची आहे. तारीख ठरवताना तिथी पाहावी. तिथीच्या आकड्याला तिनाने गुणून चाराने भागले की पूर्ण भरतीची अदमासे वेळ निघते, आणि तिच्यापुढे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती असते. पौर्णिमा-अमावास्येला ती दुपारी बाराच्या आसपास येते आणि संध्याकाळी पाच-सहा वाजता पाणी दूर गेलेले असते. मुलांना संध्याकाळी खेळायला रुंद पुळण हवी असेल तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे दिवस घ्यावेत.

किनारपट्टी
आजोबांचा हिशेब बरोबर आहे, सल्ल्याबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, पाणी जितके चढते तितक्याच जोराने उतरते, आणि उतरणारे पाणी पायाखालची वाळू काढून घेऊन माणसाला आत ओढते. लहान मुले बरोबर असतील तर अष्टमीच्या आसपासची भांगाची, म्हणजे कमी चढउताराची, भरती बरी. खेळायला जागा थोडी कमी मिळेल, तेवढेच.

बंदरकर आजोबा
मी वाळूत खेळण्याबद्दल लिहिले आहे, पोहण्याबद्दल नव्हे. उधाण असो वा भांग असो, आठ वर्षांच्या मुलाने घोट्याच्या वर पाण्यात जाऊ नये.

लाटांवरचा हिशेब
आता मूळ प्रश्नाकडे वळू या. माझा प्रस्ताव असा आहे की रजा आठ-दहा दिवस अलीकडे ओढावी आणि ताम्हिणी, माणगाव, म्हसळा या मार्गाने दिवेआगरला जावे. किनारा लांब आणि सपाट आहे, सुरूच्या बनातून वाळूपर्यंत चढउतार नाही, आणि घरगुती निवासांत शाकाहारी जेवण आधी सांगून ठेवले की मिळते. बोटीची हौस भागवण्यासाठी दिघीहून आगरदांड्याला जाणारी जंगलजेट्टी आहे. गाडीसकट खाडी ओलांडायची, मुरूडला जायचे आणि सासूबाईंना किनाऱ्यावरून जंजिरा दाखवून परत यायचे. सासूबाईंनी गाडीतून न उतरता बसून राहिले तरी चालते. दोन रात्रींत हे सगळे आपल्या रकमेच्या बरेच आत बसेल. क्रूझ नोव्हेंबरनंतर, आठवड्याच्या मधल्या वारांना, वेगळी करावी.

अर्धवट भटका
म्हणजे शेवटी मी सांगितले तेच, गाडीसकट बोट. फक्त खाडी बदलली.

तिखट सोलकढी
मुंबई-जयगड-विजयदुर्ग अशा रो-रोच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या होत्या, तिची चौकशी कोणी केली का?

किनारपट्टी
ज्या बोटीचे तिकीट हातात नाही तिच्यावर सहा माणसांचा बेत आखू नये. आणि पुण्याहून तीही उलटीच पडते.

सावनी
नवऱ्याशी बोलले. रजा १५ ते १८ मे अशी सरकवता येते आहे, म्हणून दिवेआगर आणि जंगलजेट्टी असे ठरवत आहोत. क्रूझच्या एजंटाला करांसकट रक्कम लेखी मागितली, तर त्याने फोन उचलणेच बंद केले आहे. आता एकच विचारायचे आहे : दिवेआगरच्या घरगुती निवासात सासूबाईंना खाली बसण्याचे शौचालय चालणार नाही, तर खुर्चीचे कमोड सर्वत्र असते का?

लाटांवरचा हिशेब
बहुतेक ठिकाणी असते, तरी फोनवर ‘आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नये, त्याच खोलीचे छायाचित्र मागवावे. खोली तळमजल्यावरचीच घ्यावी, कारण पुष्कळ ठिकाणी नव्या खोल्या वर बांधलेल्या आहेत आणि तिथे जायला बाहेरून अरुंद लोखंडी जिना असतो. वीज गेल्यास पंखा इन्व्हर्टरवर चालतो का हेही विचारून ठेवावे. मे महिन्यातल्या दमट दुपारी दीड वर्षाच्या मुलीला त्याची गरज सगळ्यांत आधी लागेल. पुण्याहून शनिवारी निघणार असाल तर पहाटे पाचच्या आत चांदणी चौक ओलांडावा.