लहान मुलांच्या ट्रॉलीतून स्कोलिन काढून टाकायचं का?

टीओएफ_नव्वद
रोक्युरोनियम (भूल देताना स्नायू ढिले करणारं औषध, म्हणजे 'रोक') आणि त्याला उलटवणारं सुगामाडेक्स दोन्ही हाताशी असतील तर मुलांच्या भूल-औषधांच्या ट्रॉलीत स्कोलिन (झटपट पण थोडाच वेळ स्नायू ढिले करणारं सक्सामेथोनियम) कशाला? सात-आठ वर्षांच्या आतला मुलगा, ड्युशेनचं (स्नायू झिजवणाऱ्या आनुवंशिक आजाराचं) निदान झालेलं नाही, आई फक्त "जरा उशिरा चालला" एवढंच सांगते. स्कोलिन गेलं की त्याच्या कमकुवत स्नायूपेशींतून पोटॅशियम रक्तात उतरतं. ईसीजीवर टी-वेव्ह उंच, क्यूआरएस रुंद, हृदय बंद. अमेरिकेच्या एफडीएने १९९० च्या दशकात चौकटीतला इशारा छापायला लावला तो यासाठीच. मॅलिग्नंट हायपरथर्मिया (अंगाचं तापमान भडकवणारी जिवावरची प्रतिक्रिया) आणि दुसऱ्या डोसला घसरणारी नाडी आहेतच. रॅपिड सीक्वेन्सला (घाईने झोपवून श्वासनळीत नळी घालताना) रोक १.२ मिग्रॅ/किलो द्या, मिनिटभरात नळी जाते.

तालुका_भूल
साध्या हर्नियाला स्कोलिन कुणी देऊच नये, इथवर सहमत. पण ट्रॉलीतूनच काढायचं? गॅसवर झोपवलेलं १० किलोचं बाळ, शीर सापडलेली नाही आणि लॅरिंगोस्पाझम (स्वरतंतू घट्ट मिटणं). पिशवी दाबून छाती हलत नाही, सॅच्युरेशन उतरतंय. आता रोक कुठे देणार, दंडात? त्याला मिनिटं लागतात, वर तासभर उतरत नाही. स्कोलिन ४ मिग्रॅ/किलो, म्हणजे ४० मिग्रॅ. आपल्याकडच्या ५० मिग्रॅ/मिलीच्या व्हायलमधून ०.८ मिली, डेल्टॉइडमध्ये. सोबत नाडी घसरू नये म्हणून ॲट्रोपिन २० मायक्रोग्रॅम/किलो. पूर्ण ढिलं पडायला तीन-चार मिनिटं लागतात, पण स्वरतंतू त्याआधी सुटतात आणि मास्कने हवा जाऊ लागते. त्या क्षणी तेवढंच हवं असतं.

टीओएफ_नव्वद
शीर नसेल तर नडगीच्या हाडात सुई घाला, कुठलंही औषध जातं. आणि शीर असेल तर आधी १०० टक्के ऑक्सिजन, जबडा पुढे, सीपॅप (मास्कने सतत हवेचा दाब), प्रोपोफॉल (शिरेतली भूल). बहुतेक स्पाझम तिथेच सुटतात. "स्कोलिन आपोआप उतरतं" ही समजूतही सोडा. तान्ह्या बाळाचा ऑक्सिजनचा खप मिनिटाला किलोमागे ६-७ मिली, मोठ्या माणसाच्या दुप्पट. स्कोलिन उतरायच्या कितीतरी आधी ते निळं पडलेलं असतं.

तालुका_भूल
मग तोच हिशोब सुगामाडेक्सलाही लावा की! नळी जाईना, मास्कही चालेना, तर तात्काळ उलटवायला १६ मिग्रॅ/किलो धरतात. १० किलोला १६० मिग्रॅ, म्हणजे २०० च्या व्हायलमधला १.६ मिली. व्हायल शोधा, फोडा, भरा, द्या. तोवर बाळ थांबणार आहे का? हाडातल्या सुईचंही तसंच, किट खोलीत असेल तर.

अर्धा_मिली
दोघांचंही खरं, पण भांडताय ते क्वचित लागणाऱ्या डोसवरून. रोजच्या केसला ॲट्रा (ॲट्राक्युरियम, स्नायू ढिले करणारं आणखी एक औषध) ०.५ मिग्रॅ/किलो आणि ते उलटवायला निओस्टिग्मिन चालतं, घोळ तिथे होतो. ५ किलोच्या बाळाला ॲट्रा २.५ मिग्रॅ. पातळ न करता घेतलं तर ०.२५ मिली. सलाइनच्या लाइनची थ्री-वे तोटी आणि एक्स्टेन्शन मिळून अर्धा मिली सहज खातात, म्हणजे अख्खा डोस लाइनमध्येच बसला. बाळ हलतंय म्हणून दुसरा डोस, मग कुणीतरी फ्लश मारतो आणि दोन्ही एकदम आत. याचं भावंड रिकव्हरीत भेटतं: लाइनमध्ये उरलेलं औषध शिरेतून दिलेल्या पॅरासिटामॉलच्या धक्क्याने पुढे सरकतं आणि हसतं-खेळतं बाळ श्वास थांबवतं. म्हणून १० मिग्रॅ/मिलीचं ॲट्रा सलाइनने १ मिग्रॅ/मिली करा, हबजवळून (शिरेतल्या सुईच्या तोंडाशी) द्या, प्रत्येक डोसनंतर फ्लश करा आणि टेबलावरून हलवण्याआधी, श्वासनळीतली नळी काढायच्या आधीच, लाइन पुन्हा धुवा.

रिव्हर्सल: निओस्टिग्मिन ५० मायक्रोग्रॅम/किलो, ग्लायको (ग्लायकोपायरोलेट, नाडी घसरू नये म्हणून) १० मायक्रोग्रॅम/किलो. पण मनगटाच्या स्टिम्युलेटरवर (चेतातंतूला विजेचे चार धक्के देणारं यंत्र) अंगठ्याचे चार झटके दिसल्याशिवाय नको. गाढ ब्लॉकमध्ये निओस्टिग्मिन वाढवून काही होत नाही, त्याला वरची मर्यादा आहे. आणि "अंगठा नीट हलला" यावर विसंबू नका. चौथ्या झटक्याचं पहिल्याशी गुणोत्तर ०.४ च्या पुढे गेलं की डोळ्याला फेड (झटके क्षीण होत जाणं) दिसत नाही, हवं ०.९.

टीओएफ_नव्वद
हेच तर म्हणतोय. मोजणारं यंत्र आणि सुगामाडेक्स असेल तर हा खेळच नाही. दोन झटके परतल्यावर २ मिग्रॅ/किलो, गाढ असेल तर ४. एफडीएने २०२१ मध्ये दोन वर्षांपुढच्या मुलांसाठी मान्यता दिली आहे.

अर्धा_मिली
सुगामाडेक्स ॲट्राला उलटवत नाही, फक्त रोक आणि व्हेकला (व्हेक्युरोनियमला). हे ट्रॉलीवर लिहून चिकटवा. शिवाय ते १०० मिग्रॅ/मिली असतं. १० किलोला २० मिग्रॅ म्हणजे ०.२ मिली, तेव्हा तेही १० मिग्रॅ/मिलीपर्यंत पातळ करा, नाहीतर तोच हबचा घोळ.

नवा_रेसिडेंट
आणि सुगामाडेक्स दिल्यावर बाळ पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं तर?

तालुका_भूल
ॲट्रा घ्या. रोक दिलंत तर उरलेलं सुगामाडेक्स ते गिळून टाकेल. आणि लगेच नळी हवी असेल, बाकी काही अडचण नसेल, तर फ्रीजमध्ये स्कोलिन आहेच, मी काढलेलं नाही. फक्त वीज गेल्यानंतर फ्रीजचं तापमान बघत जा. उबलेल्या व्हायलचा जोर कमी होतो आणि ते कळतं नेमकं स्पाझममध्येच.