ईमॅक्समध्ये न्यूजग्रुप: ग्नूस की वॉन्डरलस्ट?

कंसातला_कंस:
जीमेनवरच्या (मेलिंग लिस्ट न्यूजग्रुपसारख्या वाचू देणारी सेवा) दहाबारा मेलिंग लिस्ट आणि युजनेटचे (इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांचं जाळं) थोडे ग्रुप ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधूनच वाचायचे आहेत. सध्या ग्नूस (ईमॅक्ससोबत येणारा न्यूज-मेल वाचक) आहे, पण सुरू करताना ईमॅक्स मिनिटभर गोठतो. शिवाय युजनेटचा सर्व्हर बदलल्यापासून न वाचलेल्या लेखांचे आकडे भलतेच दिसतात. वॉन्डरलस्ट या ईमॅक्समधल्याच दुसऱ्या मेल-न्यूज वाचकावर जावं का? प्रवासात नेट नसताना वाचता येणं गरजेचं आहे.

स्कोअरफाइल:
दुसरी अडचण आधी, कारण ती वॉन्डरलस्टवर जाऊन सुटण्यातली नाही. लेखाचा क्रमांक हा ज्या त्या सर्व्हरचा असतो. तोच लेख एकीकडे ४१२००, तर दुसरीकडे ९८७. ग्नूस 'डॉट न्यूजआरसी डॉट ईएलडी' फाइलमध्ये "१ ते ४१२०० वाचले" एवढंच लिहून ठेवतो, आणि मुख्य सर्व्हरच्या ग्रुपांना सर्व्हरचं नाव जोडत नाही. सर्व्हर बदलला की जुने आकडे नव्या क्रमांकांना चिकटतात.

'ग्नूस-ग्रुप-क्लिअर-डेटा-ऑन-नेटिव्ह-ग्रुप्स' ही कमांड चालवा. वाचल्याच्या खुणा जातील, त्याला इलाज नाही. पुन्हा असं होऊ नये म्हणून 'ग्नूस-सिलेक्ट-मेथड' या मुख्य सर्व्हरच्या सेटिंगमध्ये 'एनएननिल' (म्हणजे कुठलाच सर्व्हर नाही) ठेवा आणि जीमेन, युजनेट दोन्ही सेकंडरी म्हणजे दुय्यम सर्व्हरांच्या यादीत टाका. मग प्रत्येक ग्रुपच्या नावाआधी सर्व्हर येतो. जीमेनचा पत्ता जुन्या सेटिंगमधून उचलला असेल तर तोही पाहा: २०२० पासून तो न्यूज डॉट जीमेन डॉट आयओ आहे.

गोठण्याचं कारण म्हणजे सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत ईमॅक्स दुसरं काही करत नाही. रोजचे ग्रुप एस एल दाबून लेव्हल २ वर आणा (लेव्हल म्हणजे ग्रुपचं महत्त्व; आकडा लहान तेवढा ग्रुप महत्त्वाचा), बाकीचे ४ वर. 'ग्नूस-ॲक्टिव्हेट-लेव्हल' ३ करा, म्हणजे सुरू होताना त्यावरचे ग्रुप तपासले जात नाहीत. बाकीचे हवे तेव्हा ग्रुप बफरमध्ये (ग्रुपांच्या यादीत) '४ जी' दाबा. 'ग्नूस-चेक-न्यू-न्यूजग्रुप्स' निल (बंद) केलंत तर नव्या ग्रुपांची विचारपूसही थांबते.

डाकघर:
वॉन्डरलस्टची बाजू मांडतो. ग्रुपची यादी ही साधी मजकुराची फाइल, 'डॉट फोल्डर्स'. उणे चिन्ह, लगेच ग्रुपचं नाव, मग ॲट आणि सर्व्हर. झाली एक ओळ. टीएलएस (सुरक्षित जोडणी) हवं तर शेवटी उद्गारचिन्ह. लेव्हल, टॉपिक असली भानगड नाही. एम-टीने (बहुधा ऑल्ट आणि टी) ऑफलाइन व्हा, उघडून झालेले लेख कॅशमधून दिसतात. पण वॉन्डरलस्ट ईमॅक्ससोबत येत नाही. एपेल, फ्लिम, सेमी ही तीन पॅकेजं लागतात, आणि त्यांच्या आवृत्त्या जुळल्या नाहीत तर बाइट-कंपाइललाच, म्हणजे पॅकेज बसवतानाच, अडकतं.

स्कोअरफाइल:
ऑफलाइन तर ग्नूसचा एजंटही करतो: जे एस म्हणजे उतरवा, जे जे म्हणजे तार काढा किंवा जोडा, अर्थात ऑफलाइन किंवा ऑनलाइन व्हा. लोक फसतात ते कॅटेगरीत, म्हणजे कोणते लेख उतरवायचे या नियमांत. मुळात तिथे 'शॉर्ट' असतं, म्हणून लांब लेख उतरतच नाहीत आणि दोष एजंटला. जे सी दाबून प्रेडिकेट (ती अट) 'ट्रू' करा.

गर्दीच्या ग्रुपात तर ग्नूसच घ्या. समरीत (लेखांच्या यादीत) 'मोठा एल, ए, एस, पी' दाबलं की त्या लेखकाचा स्कोअर, म्हणजे त्याच्या लेखांना मिळणारे गुण, कायमचा खाली. शेवटी पीऐवजी टी दाबलंत तर नियम तात्पुरता. सात दिवस कुठे जुळला नाही की आपोआप गळतो. भांडण तापलेलं असताना टीच बरा.