प्रतिसाद: यूजरनिहाय लायसन्सच्या वापराचा इतिहास

साताऱ्याच्या मित्रांनी इथे विचारलंय, त्यांना मायक्रोसॉफ्ट ३६५ची लायसन्सं कोण खरंच वापरतं, याचा वर्षभराचा इतिहास एपीआयमधून (म्हणजे प्रोग्रामने माहिती मागवायच्या सोयीतून) हवा आहे. त्यावर एकाने सुचवलेल्या 'सबस्क्राइब्ड एसकेयूज'मधून (कंपनीने घेतलेल्या लायसन्सांच्या यादीतून) काम होणार नाही. त्यातले 'कन्झ्युम्ड युनिट्स' म्हणजे किती लायसन्सं वाटली, एवढंच.

मायक्रोसॉफ्टच्या ग्राफ एपीआयचा 'गेट ऑफिस ३६५ ॲक्टिव्ह यूजर डिटेल' हा रिपोर्ट बघा. 'रिपोर्ट्स डॉट रीड डॉट ऑल' परवानगी लागते. उत्तरात ३०२ येतो, म्हणजे फाइल दुसऱ्या लिंकवर आहे; त्या लिंकवरून सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाइल) उतरवायची. प्रत्येक यूजरच्या ओळीत एक्स्चेंज, वनड्राइव्ह, टीम्स वगैरेंची शेवटच्या वापराची तारीख वेगवेगळी मिळते, लायसन्स दिल्याची तारीखही. नावांच्या जागी अक्षर-आकड्यांची गिचमीड दिसली तर स्क्रिप्टमध्ये चूक शोधत बसू नका. नावं झाकायची सेटिंग मुळातच चालू असते, ती ॲडमिन सेंटरमधून बंद करता येते. वर्ड-एक्सेल कोण उघडतं, त्यासाठी 'गेट एम३६५ ॲप यूजर डिटेल' वेगळा आहे.

खरी अडचण मुदतीची. रिपोर्ट मागे किती दिवसांचा हवा, त्याचे पिरियड डी७, डी३०, डी९०, डी१८० (म्हणजे ७ ते १८० दिवस), बस्स. त्यामागचं मिळत नाही, म्हणून आजपासूनच साठवायला लागा. आम्ही कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यात दर आठवड्याला सीएसव्ही डेटाबेसमध्ये ओततो. 'रिपोर्ट रिफ्रेश डेट' हा कॉलम जरूर ठेवा, कारण आकडे एक-दोन दिवस मागचे असतात.

आणि कृपा करून नुसती तारीख जुनी दिसली म्हणून कुणाचं लायसन्स काढू नका. बाळंतपणाच्या रजेवरची बाईही त्या यादीत तशीच दिसते. आधी त्यांच्या विभागात विचारा.